संज्ञाहरण, भूलतज्ज्ञ आणि आपली चिठ्ठी

घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली की सर्वांच्या मुखी शल्यचिकित्सकाचे नाव असते. कोणाकडे करावी, हात कसा आहे, खर्च किती, याची चर्चा आठ-आठ दिवस चालते. भूल कोण देणार, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. ते नाव बहुधा संमतिपत्रावर सही करताना प्रथम दृष्टीस पडते आणि रुग्ण घरी परतेपर्यंत विस्मृतीत जाते. सामान्य जनांचे असे होणे स्वाभाविक आहे. परंतु आम्हा वैद्यांचेही तसेच होते, हे प्रस्तुत लेखाच्या आरंभीच आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. भूलतज्ज्ञाशी आपला काही संबंध येतो, असे आम्हांस व्यवसायाची वीस वर्षे होईपर्यंत वाटलेच नव्हते. तो संबंध किती निकटचा आहे, हे एका प्रसंगाने आम्हांस शिकविले.

एक दूरध्वनी

एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे अनेक वर्षे औषधास येत. त्यांना सर्व गाव गुरुजी म्हणे. रक्तदाब थोडा वाढलेला, झोप नाही, गुडघे दुखतात, अशी त्यांची तक्रार होती. सर्पगंधा घनवटी, रात्री तगर व जटामांसीचे चूर्ण आणि योगराज गुग्गुळ, असा आमचा योग चालू होता व त्यांना बरे वाटत होते. पुढे पित्ताशयातील खड्यांसाठी त्यांची शस्त्रक्रिया ठरली. ती आम्हांस नंतर कळली. भूल दिल्यानंतर थोड्याच वेळात त्यांचा रक्तदाब फार खाली गेला. अशा वेळी नेहमी दिले जाणारे मेफेंटर्मिनचे इंजेक्शन दिले, पुन्हा दिले, तरी अपेक्षेइतका उठाव मिळेना. अखेर दुसऱ्या जातीचे औषध थेंबाथेंबाने चालू करून भूलतज्ज्ञांनी रक्तदाब सावरला. शस्त्रक्रिया पार पडली, गुरुजी सुखरूप घरी आले.

त्याच सायंकाळी त्या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंचा आम्हांस दूरध्वनी आला. स्वरात राग नव्हता, थकवा होता. "वैद्यराज, गुरुजींच्या पिशवीत तुमच्या चिकित्सालयाच्या पुड्या सापडल्या. त्यांच्यावर काहीही लिहिलेले नाही. आत काय आहे ते कृपा करून सांगाल का?"

आम्ही सर्पगंधेचे नाव घेताच त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "हे मला काल कळायला हवे होते."

आदल्या दिवशीच्या तपासणीत त्यांनी गुरुजींना स्पष्ट विचारले होते, आणखी कोणती औषधे घेता का? गुरुजींनी उत्तर दिले होते, "छे, औषध असे काही नाही." ते खोटे बोलले नव्हते. आयुर्वेदिक औषध हे त्यांच्या लेखी 'औषध' नव्हतेच. ते घरचे, निरुपद्रवी, काढ्या-चूर्णाचे प्रकरण होते. आणि ही समजूत त्यांच्या मनात आम्हीच दृढ केली होती. "याचा काही अपाय नाही, निर्धास्त घ्या," हे वाक्य आम्ही त्यांना कितीदा ऐकविले असेल, याची गणती नाही.

त्या दिवशीच्या घटनेस सर्पगंधा हेच एकमेव कारण होते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. वय, उपवास, भुलेची औषधे, सर्वांचाच त्यात वाटा असू शकतो. परंतु मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेचे निरीक्षण प्रसिद्ध केले व ही वनस्पती जगापुढे आली, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. १९५२ साली तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य नाड्यांच्या अग्रांशी साठविलेला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा रिता करते. मेफेंटर्मिन व एफेड्रिन यांसारखी औषधे मुख्यतः तोच साठा मोकळा करून रक्तदाब वाढवितात. कोठारच रिकामे असेल तर दार उघडून काय मिळणार? ज्या गुणाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच गुणाची नोंद भूलतज्ज्ञाकडे पोहोचविणे हे आपले कर्तव्य ठरते. औषधात सामर्थ्य आहे असे म्हणायचे आणि ते सर्वथा निरुपद्रवी आहे असेही म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

ग्रंथोक्त पूर्वपीठिका

संज्ञाहरणाची कल्पना आपणांस नवी नाही. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास इष्ट भोजन द्यावे व मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे. भोजनाने त्यास मूर्च्छा येत नाही आणि मद्याने शस्त्राची वेदना जाणवत नाही, असा त्याचा हेतू. बल्लाळाच्या भोजप्रबंधात राजा भोजाच्या मस्तकावरील शस्त्रकर्माची कथा आहे. तीत संमोहित करणारे एक व पुन्हा शुद्धीवर आणणारे एक, अशी दोन औषधे येतात. ती कथाच असली तरी तिच्यातील दुसरे औषध आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. भूल देणे हे अर्धेच काम आहे. माणसाला सुखरूप परत आणणे हे उरलेले अर्धे, आणि तेच कठीण.

आधुनिक संज्ञाहरणाचा आरंभ १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाला असे मानतात. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल दिली व डॉ. वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरील गाठीवर शस्त्रकर्म केले. पुढच्याच वर्षी एडिंबरोचे सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. शस्त्रक्रिया लहान असली म्हणून भूल लहान नसते, हा धडा वैद्यकजगतास तेव्हापासून मिळत आला आहे. क्लोरोफॉर्मने हृदय आधी थांबते की श्वास, या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली हैदराबाद येथे दोन आयोग बसले. त्याच हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी भूल देण्याचे काम करीत. जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. हा इतिहास आपल्या दाराशी घडलेला आहे.

शस्त्रक्रियागृहातील एक सकाळ

उपर्युक्त प्रसंगानंतर आम्ही त्या डॉक्टरबाईंना भेटावयास गेलो. क्षमा मागितली आणि आपले काम एकदा जवळून पाहू द्यावे अशी विनंती केली. त्यांनी ती आनंदाने मान्य केली. त्या सकाळी जे पाहिले, त्याने आमच्या अनेक समजुती दूर झाल्या.

पहिली समजूत अशी की, भूलतज्ज्ञ एक इंजेक्शन देतो व बाजूला बसतो. प्रत्यक्षात त्यांचे काम आदल्या दिवशीच सुरू झाले होते. तोंड किती उघडते, मान किती मागे जाते, दात हलतात का, कवळी आहे का, जीभ बाहेर काढल्यावर घशाचा किती भाग दिसतो, हे सर्व त्यांनी पाहिले होते. घशाची ही परीक्षा भारतीय वंशाचे डॉ. मल्लमपती यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. १९८५ साली त्यांनी ती मांडली. श्वासनलिकेत नळी घालणे कितपत कठीण जाईल, याचा अंदाज तीवरून येतो. तंबाखू, मिश्री, दमा, घोरणे, जिना चढताना लागणारी धाप, पूर्वीच्या भुलेचा अनुभव, घराण्यात कोणास भुलेचा त्रास, अशी प्रश्नांची मालिका संपत नव्हती. प्रकृती, सार, सत्त्व, सात्म्य, आहारशक्ती व व्यायामशक्ती यांचा विचार करणाऱ्या वैद्यास ही पद्धत परकी वाटू नये. दशविध परीक्षेशी तिचे नाते आहे.

दुसरी समजूत अशी की, भूल म्हणजे गाढ झोप. झोपलेला मनुष्य स्वतः श्वास घेतो, लाळ गिळतो, चिमटा काढल्यास हात मागे घेतो. पूर्ण भुलेत स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर यांपैकी काहीच उरत नाही. त्या रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. रक्तदाब, हृदयगती, प्राणवायूचे प्रमाण, बाहेर पडणारा कर्बवायू, शरीराचे तापमान, मूत्र, गेलेले रक्त, या सर्वांवर त्या बाईंची दृष्टी अखंड फिरत होती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या टिकटिकीचा स्वर किंचित खाली उतरला तरी, आमच्याशी बोलता बोलता, त्यांची मान यंत्राकडे वळे. नाडीवर तीन बोटे ठेवून बसणारा वैद्य आम्हांस त्या क्षणी आठवला. फरक इतकाच की आमची नाडीपरीक्षा काही क्षणांत आटोपते, त्यांची तीन-तीन तास चालते.

तिसरी गोष्ट अशी की, कामाचा शेवट टाके घातल्यावर होत नाही. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो, मान उचलून धरतो, नीट श्वास घेतो, हे पाहून मगच नळी काढली गेली. पुढे वेदना, उलटी, थंडी यांची काळजी घेण्यात आली. अतिदक्षता विभाग, वेदनामुक्त प्रसूती, कर्करोगाच्या असाध्य वेदना, ही सर्व क्षेत्रेही आज भूलतज्ज्ञांनी सांभाळली आहेत. नवजात बालकाची अवस्था मोजण्याची जी गुणपद्धती प्रत्येक प्रसूतिगृहात वापरतात, ती मांडणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञच होत्या. २०२० व २०२१ सालच्या कोविडच्या साथीत श्वसनयंत्रावरील रुग्णांच्या उशाशी हीच मंडळी उभी होती.

चिकित्सेचे चार पाद आपण शिकतो: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. भूलतज्ज्ञास शल्यचिकित्सकाचा साहाय्यक, म्हणजे उपस्थाता, समजण्याची चूक सर्वत्र होते. तो पूर्णार्थाने भिषक् आहे. आणि एका रोग्याचे दोन भिषक् असतील तर त्यांना परस्परांची द्रव्ये ठाऊक असलीच पाहिजेत.

कोणती द्रव्ये कळवावीत

सर्वच कळवावीत, हे खरे उत्तर. तरीही काही द्रव्यांविषयी विशेष सावधगिरी हवी.

सर्पगंधेविषयी वर आलेच आहे. तिचा परिणाम औषध बंद केल्यावरही बरेच दिवस रेंगाळतो. तगर, जटामांसी, अश्वगंधा, ब्राह्मी ही निद्राजनक वा शामक म्हणून दिली जातात. भुलेच्या औषधांच्या शामक परिणामात त्यांची भर पडण्याची शक्यता गृहीत धरावी. लसूणक्षीरपाक, लसणाच्या गोळ्या, गुग्गुळाचे कल्प, हळदीच्या अर्काच्या गोळ्या हे रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतात. पाठीच्या कण्यातून भूल द्यावयाची असेल तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण तेथे साचलेले थोडेसे रक्तही मज्जारज्जूवर दाब आणू शकते. सोमकल्पात एफेड्रिन असते. त्याने हृदयगती व रक्तदाब वाढतो. यष्टिमधु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास शरीरात क्षार-पाणी साठते व पोटॅशियम घटते. त्याने हृदयाची लय बिघडू शकते आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम लांबू शकतो. मेषशृंगी, मामेज्जक इत्यादी मधुमेहावरील द्रव्ये उपाशी रुग्णात साखर खाली आणू शकतात.

कनकासवात धत्तूर आहे, जातीफलादी चूर्णात भांग आहे, कर्पूररसात अफू आहे, अनेक रसकल्पांत वत्सनाभ व कुपीलू आहेत. ही नावे रुग्णास ठाऊक नसतात. कल्पाच्या गोड नावाखाली ती झाकलेली असतात. आपणांस मात्र ती ठाऊक असतात. म्हणूनच ती सांगण्याची जबाबदारी आपली. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्याचाही उल्लेख असावा. शस्त्रक्रियेच्या तोंडावर वमन-विरेचन झाले असल्यास तेही कळवावे, कारण शरीरातील जल व क्षार त्याने उणावलेले असू शकतात.

या विषयाचा विचार अन्य देशांतही झाला आहे. शिकागो विद्यापीठातील तीन संशोधकांनी २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आठ वनौषधींचा शस्त्रक्रियेच्या दृष्टीने आढावा घेतला. त्यांत आपल्या परिचयाचा लसूण होता, सोमाची व तगराची भावंडे होती. लसूण किमान ७ दिवस आधी, सोमवर्गीय औषध किमान २४ तास आधी थांबवावे, आणि तगरवर्गीय औषध एकाएकी न तोडता हळूहळू कमी करावे, असे त्यांनी सुचविले. यातील शेवटची सूचना वैद्यबंधूंनी विशेष लक्षात घ्यावी. शस्त्रक्रिया ठरली म्हणून सर्व औषधे तडकाफडकी बंद करणे हाही उपाय नव्हे. रक्तदाबाचे वा मधुमेहाचे औषध एकदम सोडल्याने वेगळेच संकट उभे राहू शकते. काय थांबवावे, केव्हा थांबवावे, काय चालू ठेवावे, याचा निर्णय भूलतज्ज्ञांनी घ्यावा. त्यासाठी लागणारी माहिती आपण द्यावी, आणि शक्यतो दोन आठवडे आधी द्यावी.

'उपाशी' या शब्दाचा अर्थ

एक गोष्ट लहान आहे पण प्राणघातक ठरू शकते. "उद्या उपाशी या," असे रुग्णालयात सांगितले जाते. आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि वर कपभर दूध! आमच्याच एका रुग्ण आजी चतुर्थीच्या दिवशी असा कडकडीत उपास करून शस्त्रक्रियेस निघाल्या होत्या. सुनेने सहज फोनवर विचारले म्हणून तो प्रकार उघडकीस आला व शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली.

सुश्रुतांनी भोजन द्यावे असे सांगितले, मग आता उपाशी का, असा प्रश्न काही जिज्ञासू रुग्ण विचारतात. तेव्हाचा रुग्ण मद्याच्या गुंगीत असला तरी त्याचा खोकला व गिळण्याची क्रिया बहुतांशी शाबूत असे. भय होते ते भुकेने येणाऱ्या मूर्च्छेचे. पूर्ण भुलेत या रक्षक क्रिया नाहीशा होतात आणि जठरातील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरू शकते. शिवाय सुश्रुतांनीही मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत रिक्तकोष्ठीच शस्त्रकर्म सांगितले आहे, हे विसरू नये. आजचा सर्वसाधारण नियम असा: हलका आहार व दूध ६ तास आधी बंद, जड व तळलेले त्याहूनही आधी बंद, स्वच्छ पाणी २ तास आधीपर्यंत. आपल्या रुग्णांच्या बाबतीत त्यास एक पुरवणी जोडावी. सकाळचे अनुपान, म्हणजे दुधातून चूर्ण, तुपाचा चमचा, मधाचे चाटण, काढा, हे सर्व आहारातच मोडते. "औषधच तर घेतले" ही सबब तेथे चालत नाही.

चिठ्ठी कशी असावी

गुरुजींच्या प्रसंगानंतर आम्ही चिकित्सालयात एक साधा प्रघात पाडला. शस्त्रक्रिया ठरली असे कळताच रुग्णास एक चिठ्ठी द्यावयाची, आणि ती भूलतज्ज्ञांच्याच हाती द्या असे बजावावयाचे. तीत पुढील गोष्टी असतात:

१. रुग्णाचे नाव, वय, वजन व आम्ही केलेले निदान.
२. प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, किती दिवसांपासून चालू आहे व शेवटचे केव्हा घेतले.
३. कल्पातील तीव्र द्रव्यांचा स्पष्ट उल्लेख, शक्य तेथे वनस्पतीच्या शास्त्रीय नावासह. 'सर्पगंधा' न समजणाऱ्यास 'रावोल्फिया' लगेच समजते.
४. शामक, रक्तदाब वा साखर कमी करणारा, रक्त पातळ करणारा, असा अपेक्षित परिणाम एका शब्दात.
५. अलीकडे झालेले पंचकर्म, ज्ञात असात्म्यता, तंबाखू-मद्याची सवय.
६. आमचा दूरध्वनी क्रमांक.

हे लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. आरंभी आम्हांस संकोच वाटे की, समोरचे हसतील, चिठ्ठी बाजूस टाकतील. एक-दोघांनी टाकलीही असेल. परंतु बहुतेकांनी उलट फोन करून अधिक माहिती विचारली. मान हा मागून मिळत नाही. अचूक माहिती देणाऱ्यास तो आपोआप मिळतो, असा आमचा अनुभव आहे.

औषधालय चालकांस विनंती

बरेच रुग्ण वैद्याकडे न जाता थेट दुकानातून औषध नेतात. त्यांची चिठ्ठी कोण लिहिणार? धत्तूर, भांग, अहिफेन, वत्सनाभ, विषमुष्टी आदी द्रव्ये औषध नियमांतील अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहेत, आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना बारीक अक्षरांत असते. ग्राहकास ती वाचून दाखवावी. सुटे चूर्ण देताना पुडीवर घटक, दिनांक व दुकानाचे नाव लिहावे. कोरी पुडी देऊ नये. "शस्त्रक्रिया ठरली आहे का?" हा एक प्रश्न विचारण्याची सवय विक्रेत्यास लावावी. आमच्या पुड्या कोऱ्या होत्या, हे आम्ही वर लिहिलेच आहे. ती चूक आपल्या हातून होऊ नये.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक सुरक्षा-यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी व रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी क्षणभर थांबून सर्वांनी ती मोठ्याने वाचावयाची. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा अवलंब केल्यावर मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तीत नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. ठाऊक असलेली गोष्ट योग्य वेळी योग्य माणसास सांगणे, एवढेच होते.

आपली चिठ्ठी हेही तसेच काम करते. गुरुजी पुढे अनेक वर्षे आमच्याकडे येत राहिले. प्रत्येक वेळी पुडी हाती घेताना ते ती उलटून पाहत आणि वर औषधाचे नाव आहे याची खात्री करून हसत. तो प्रसंग सुखान्त झाला यात आमचे कर्तृत्व काहीच नाही. एका अपरिचित भूलतज्ज्ञाच्या सावधपणाने आमची उणीव भरून काढली. प्रत्येक वेळी ती तशी भरून निघेलच, यावर कोणत्याही वैद्याने विसंबू नये.